पुसता येईल अशी जागा

सुगंधाबाईंनी ते जिन्यात सांगितलं, दुधाची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत, पाण्याची मोटार कधी लावणार हे विचारावं इतक्या सहजपणे. "अर्शी, आमना टीव्हीवर तुनं नाव येस वो. आन् त्याना खाले बठ्ठी लगीनं." अर्शी चपला घालत होती, एक पाय चपलेत आणि एक फरशीवर, अशीच ती थांबली. कसली लग्नं, काकू, असं तिने विचारलं तेव्हा तिला स्वतःचाच आवाज फार वरून आल्यासारखा वाटला. "आते माले काय माहीत माय. नावं शेतस. तहरीम, धुळे. मंग आखो कोन्ही दोंडाईचानी. रिमोटनं भलतंच बटन दाबाई गयं, तं हाई निंघनं." सुगंधाबाई हसल्या. त्यांच्या हसण्यात काही लपलेलं नव्हतं, आणि त्यामुळेच अर्शीला पुढचा प्रश्न विचारायला जड गेलं. "तुम्ही उघडून बघितलं का?" "मी नही दखं. मी तं मनी मालिका लाई." मग दोन पायऱ्या चढून झाल्यावर, वळून, काही विसरलेलं आठवावं तशा त्या नवऱ्याबद्दल म्हणाल्या, "यास्नं माले माहीत नही. त्या दुपारले एकलाच बठतस टीव्हीपुढे."

अर्शी बाजाराला गेलीच नाही. तिने घरात येऊन दार लावलं आणि लोखंडी कपाटावर ठेवलेल्या, तिची सगळी चित्रणं साठवणाऱ्या काळ्या खोक्याची वायर ओढून काढली. ते बंद करण्याची रीत ठरलेली होती. आधी पडद्यावरून त्याला सांगायचं, मग ते आपलं आपण आवरतं घेतं. तिच्या भावाने, तौफिकने, हे दोनदा बजावलं होतं. पण तेवढा धीर तिला नव्हता. आतल्या तबकड्यांची घरघर उतरत गेली आणि खोलीत नुसता कूलरचा आवाज उरला. जळगावचा मे महिना होता. खिडकीला लावलेल्या वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारूनही अर्ध्या तासात तो कोरडा पडत होता. ती पलंगाच्या काठावर बसली. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. इतकी वर्षं तो आवाज तिच्या कानांवर पडत होता, आणि आज पहिल्यांदाच तिला वाटलं की वरची जमीन म्हणजे आपलं छत आहे. मध्ये दुसरं काहीच नाही.

तिचं काम सांगायला सोपं होतं, समजायला तेवढं सोपं नव्हतं. लग्नात बायकांच्या बाजूचं चित्रण ती करत असे. मांडवाच्या मध्ये कनात असते. अलीकडे पुरुष, पलीकडे बायका, आणि कनातीच्या पलीकडे कॅमेरा घेऊन जाऊ शकेल असं माणूस जळगाव-धुळ्याच्या या घरांना फार उशिरा मिळालं होतं. अर्शीच्या आधी तिकडचं काही उरतच नसे. हळदीच्या दिवशी कोण नाचलं, ढोलकी कुणी धरली, नवरीच्या आईने कोणतं गाणं मध्येच सोडलं आणि डोळे पुसले, हे सगळं त्या दिवसाबरोबर संपून जायचं. मग अर्शी आली. तिची पद्धत तिने स्वतःच ठरवली होती. तयार झालेलं चित्रण पेन ड्राइव्हमध्ये घालून नवरीच्या आईच्या हातात द्यायचं, दुसऱ्या कुणाच्या नाही. मूळ आपल्याकडे ठेवायचं. ते कोणत्याही कंपनीच्या दूरच्या साठ्यात चढवायचं नाही, फोनवरून पाठवायचं नाही, दुकानात दुरुस्तीला द्यायचं नाही. ती काम करत बसली असली की तिचा नवरा उजैर स्वतःच्याच खोलीच्या दारावर टकटक करत असे, आणि आत येताना पडद्याकडे पाठ करून कपाटापर्यंत जात असे. त्याचं गाद्या-रजयांचं दुकान होतं. रोज संध्याकाळी त्याच्या भुवयांवर कापसाचे तंतू असत. त्या तंतूंसकट, उलट्या पावलांनी चालणारा तो माणूस पाहून तिला कधी हसू यायचं, कधी आपल्या कामाची किंमत कळायची. बायका याला अमानत म्हणत, विश्वासाने सोपवलेली ठेव. सावद्याच्या एका केळीच्या व्यापाऱ्याच्या घरी नवरीच्या आजीने तिचं मनगट धरून विचारलं होतं, हे मोबाइलवाल्यांकडे तर जात नाही ना, बेटी? जात नाही, असं अर्शी म्हणाली होती, आणि आजीने मनगट सोडलं होतं.

हिवाळ्यात दोन जुन्या डिस्कांपैकी एक टकटक करू लागली. त्या आवाजाने ती इतकी घाबरली की धाकट्या भावाला, तौफिकला, तिने धुळ्याहून बोलावून घेतलं. तौफिक दुकानांना कॅमेरे बसवण्याचं काम करत असे आणि जगातली कुठलीही गोष्ट जास्तीत जास्त एका दुपारची आहे असं त्याचं मत होतं. त्याने कुठल्याशा पतपेढीतून निघालेला जुना संगणक आणला, त्यात दोन मोठ्या डिस्का बसवल्या, एकीवर लिहिलेलं आपोआप दुसरीवर उतरेल अशी सोय केली, आणि मरणाऱ्या डिस्कमधलं जेवढं निघालं तेवढं त्यात ओतलं. "हा तुझा घरचा सर्व्हर, आपा. याची प्रणाली फुकट आहे, आणि तिचं सगळं लिखाण उघडं आहे. कुणीही वाचावं. त्यामुळे आत कुणी चोरदार ठेवत नाही."

"तू वाचलंस?"

"मी कशाला वाचू? वाचणारे वाचतात."

तेव्हा ती हसली होती. आता वायर हातात धरून बसलेली असताना तिला तो प्रसंग पुन्हा पुन्हा आठवू लागला, कारण जे आठवायला नको होतं ते त्याच्या पुढेच होतं. पडद्यावर चौकोन होते, आणि एका चौकोनापुढे लिहिलं होतं: घरातल्या टीव्हीवर दाखवायचं? तौफिकने विचारलं, "हे हवंय?" आणि ती हो म्हणाली होती. इतक्या वर्षांत आपलं काम तिने लहानशा लॅपटॉपवरच बघितलं होतं. एकदा तरी ते मोठं दिसावं, उजैर दुकानात असताना, दार लावून, आपण एकटीने पलंगावर बसून ते बघावं, असं तिला वाटलं होतं. तेवढीच हौस. आणि वरच्यांना वायफायचा पासवर्ड तिनेच दिला होता. महिन्याभरापूर्वी सुगंधाबाईंच्या सुनेला पुण्यात मुलगी झाली तेव्हा, नात बघायला म्हणून. या गल्लीत वायफाय मागितलं तर विरजण मागितल्यासारखं देतात. त्यात विचार करण्यासारखं काही असतं असं कुणाला वाटत नाही. यंत्राला मात्र एवढंच कळत होतं की एका वायफायवर जे जे आहे ते सगळं घर. त्याच्या दृष्टीने हिलालभाऊ आणि सुगंधाबाई घरचेच होते. तिच्याही दृष्टीने एका अर्थी होतेच. ईदला शीरखुर्मा वर जायचा, अखजीला, अक्षय्य तृतीयेला, वरून पुरणाचं ताट खाली यायचं. घर कुठे संपतं हे तिने कधी सांगितलं नव्हतं, म्हणून यंत्राने ते स्वतःच ठरवलं होतं.

त्या संध्याकाळी तिने पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी सुगंधाबाई खाली आल्या. "नेट बंद पडी गयं वो. नातीले फोन लागत नही." कंपनीकडूनच गेलंय, असं अर्शी म्हणाली. खोटं इतक्या सहज निघालं की तिला स्वतःची भीती वाटली. मग हिलालभाऊ जिन्यात भेटले. एसटीतून निवृत्त झालेला, बारीक अंगाचा माणूस; समोरून बाई आली की भिंतीकडे सरकून खाली बघत उभा राहायचा, ती निघून जाईपर्यंत. इतकी वर्षं तिला ती त्यांची मर्यादा वाटत आली होती. त्या दिवशीही ते तसेच भिंतीकडे सरकले, तसेच खाली बघत राहिले, आणि अर्शीला ती मर्यादा की ओशाळेपणा हे ओळखता येईना. एका माणसाच्या चांगुलपणाची खूण तिच्यापुरती नाहीशी झाली होती, आणि त्यात त्या माणसाचा दोष असेल किंवा नसेल. कुणी काय उघडलं याची यंत्रात कुठे नोंद राहते का, हे तिने तौफिकला विचारलं होतं. ती नोंद त्यानेच बंद ठेवली होती, जागा कशाला अडवायची म्हणून.

उजैरला तिने सांगितलं तेव्हा तो हात धुऊन जेवायला बसला होता. त्याने घास थांबवला, मग पुन्हा उचलला. "वरचा म्हातारा दुपारभर भजनं ऐकतो. तो काय बघणार?"

"बघितलं नसेल कदाचित."

"मग झालं. कुणाला कळलंय? कुणालाच नाही. तू वायर काढलीस, पासवर्ड बदललास. आता आणखी काय करायचं राहिलं?"

"ज्यांचं आहे त्यांना सांगायचं."

उजैरने पाण्याचा तांब्या जवळ ओढला. मग सावकाश म्हणाला, "अर्शी, सांगितलंस तर काम जाईल. ते गेलं तर जाऊ दे, दुकान आहे. पण त्या बायकांच्या घरी काय होईल त्याचा विचार कर. एखादीच्या सासरी हे कानावर गेलं तर?" तो चुकीचं बोलत नव्हता. त्याच्या बोलण्यात स्वतःचा स्वार्थही नव्हता. ती त्याच्या ताटात भात वाढत राहिली आणि तिला वाटलं, न सांगणं हे दयेसारखं दिसतंय, आणि म्हणूनच ते करायचा मोह होतोय.

नवी प्रणाली बसवायची एवढं नक्की होतं, आणि या वेळी ती स्वतः निवडणार होती. तौफिक फोनवर खो खो हसला. "आपा, तू आता नासा चालवणार का?" तरी त्याने तीन नावं सांगितली. ट्रूनॅस, तिला मेमरी जास्त लागते, पण एकदा आत गेलेलं ती जिवापाड जपते. ओपनमीडियाव्हॉल्ट, पडद्यावरच्या चौकोनांतून चालवता येते, जुन्या डिस्का आहेत तशा घेते. आणि डेबियन, त्यात तयार काहीच नसतं, जे उघडायचं ते आपल्या हाताने, एकेक आज्ञा लिहून उघडायचं. आठवडाभर, दुपारची कामं आटोपल्यावर, अर्शी याबद्दल वाचत बसली. कॉलेजात तिने विज्ञान घेतलं होतं, शेवटच्या वर्षाला लग्न झालं. त्या वाचनात मधली वर्षं गळून पडल्यासारखी वाटत. जगभरचे पुरुष या विषयावर भांडत होते. त्यांची भांडणं जिव्हाळ्याची होती, आपल्या कुळाबद्दल भांडावं तशी. कुणी म्हणे अमुक नसेल तर तुमच्या मुलांचे फोटो सडतील. कुणी म्हणे तमुक प्रकारची मेमरी नसेल तर झोपू नका. सगळे हरवण्याला भीत होते. ट्रूनॅसची गोष्ट तिला आवडू लागली होती. ती ठराविक वेळाने सगळ्या साठ्याचं जणू चित्र काढून ठेवते. चुकून काही मिटलं तरी कालच्या चित्रातून ते परत मिळतं. तिच्यासारखीच आहे, असं अर्शीला वाटलं. जे एकदा घडलं ते जाऊ द्यायचं नाही. तिने मनाशी जवळजवळ ठरवलंच. फक्त त्यासाठी डिस्का आधी कोऱ्या कराव्या लागणार होत्या, म्हणजे आतलं सगळं तात्पुरतं दुसरीकडे हलवायला हवं. आणि काय काय हलवायचं हे बघण्यासाठी, इंटरनेटची तार काढून, घरातलं वायफायही बंद करून, तिने खोकं पुन्हा सुरू केलं. नावांच्या यादीत सर्वांत वर तहरीम होती. टकटक करणाऱ्या डिस्कमधून जी लग्नं वाचली त्यांतलं हे एक. आता जगात ते फक्त इथे होतं.

तहरीमचं लग्न तिला नीट आठवत होतं, कारण त्या दिवशी नवरीपेक्षा नवरीची आईच जास्त दिसत होती. नसीमखाला. जाड, ठसठशीत बाई, उभ्या आयुष्यात कुणी तिला नाचताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी तिने ढोलकी स्वतःच्या मांडीवर ओढून घेतली होती आणि लेकीचा हात दुसऱ्या हातात धरून ठेवला होता, त्यामुळे ढोलकी एकाच हाताने, वेडीवाकडी वाजत होती, आणि त्यावर सगळ्या हसत होत्या. पुढच्याच वर्षी, करोनाच्या त्या वाईट उन्हाळ्यात, नसीमखाला दवाखान्यातून परत आली नाही. चेहरा कुणाला दाखवला नाही. तहरीमने नंतर एकदा फोन केला होता. पेन ड्राइव्ह माहेरी अम्मीच्या पेटीत होता, अब्बूंनी घर बदललं त्यात तो कुठे गेला कळत नाही. "बाजी, तुझ्याकडे आहे ना?" "आहे. केव्हाही ये, बसून बघ." तहरीम आली नव्हती. सासरहून जळगावला यायला निमित्त लागतं. पण ते आहे, एवढ्यावर ती राहत असावी, असं अर्शीला वाटे. आणि आता त्याच नावावर, वरच्या मजल्यावर, कुणाच्या तरी अंगठ्याखाली रिमोटचं बटण थांबलं होतं, किंवा थांबलं नव्हतं.

शुक्रवार टाळून ती शनिवारी धुळ्याला गेली. एसटीच्या खिडकीतून गरम वारा येत होता. पारोळ्याच्या पुढे नांगरून ठेवलेली काळी रानं दूरवर तडकलेली दिसत होती. काय बोलायचं ते तिने मनात अनेकदा मांडून बघितलं. दरवेळी वाक्याच्या सुरुवातीला तौफिक यायचा, मग चौकोन, मग वायफाय. ती स्वतः शेवटी यायची. एका वळणावर बस हळू झाली तेव्हा तिने वाक्य उलटं केलं आणि ते फार लहान झालं.

तहरीम आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत राहत असे. बुरख्यांच्या बाह्यांवर खडे चिकटवण्याचं काम तिने घरी घेतलं होतं. पुढ्यात काळं कापड पसरलेलं आणि वाटीत चमचमणारे खडे. सासूने अर्शीला सरबत दिलं, उन्हाची कशी आलीस म्हणून रागावली, जळगावातल्या अर्ध्या नातेवाइकांची चौकशी केली, आणि दुपारची, जोहरची अजान झाल्यावर आतल्या खोलीत नमाजला गेली. तेवढाच वेळ होता. अर्शीने बसमध्ये तयार केलेलं लहान वाक्य बोलून टाकलं. "तुझं चित्रण माझ्या चुकीमुळे वरच्या शेजाऱ्यांच्या टीव्हीवर उघडं होतं. काही आठवडे."

तहरीमचा चिमटा खड्यावर थांबला. "नाव दिसलं, की मी दिसले?"

"नाव नक्की दिसलं. पुढचं मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"विचारलं तर ते नाही म्हणतील. खरं असलं तरी, खोटं असलं तरी."

तहरीमने तो खडा जागेवर बसवला, अंगठ्याने दाबून धरला. "तू आली नसतीस तर मला कधी कळलंच नसतं."

"हो."

"मग का आलीस, बाजी? आता रात्री मला झोप लागणार नाही. तुला लागेल."

ते खरं होतं. धुळ्याचं स्टँड दिसलं तेव्हा तिला हलकं वाटू लागलंच होतं, आणि ते हलकेपण कुठून आलं ते आता तिला समोर दिसत होतं. आतल्या खोलीत जानमाजाची चटई गुंडाळल्याचा आवाज आला. तहरीम खाली बघत म्हणाली, "पुसून टाक."

"खाला आहेत त्यात."

"माहितीय मला." मग जरा वेळाने, "अम्मी ठेव. मला पूस."

"नाही होत तसं. त्यांनी तुझा हात धरून ठेवलाय. शेवटपर्यंत."

तहरीम किंचित हसली. "सोडायचीच नाही. बाजारातसुद्धा. मी एवढी वाढले तरी." तिचे डोळे भरले नाहीत; ती फक्त वाटीतले खडे बोटाने इकडून तिकडे करत राहिली. "आवाज निघतो वेगळा?"

"निघतो."

"मग आवाज ठेव. चित्र पूस. आणि आवाजाला माझं नाव देऊ नकोस." मग एकदम मान वर करून, "पण परत येता कामा नये. तौफिकभाई आमच्या यांना सांगत होते, मिटवलेलं सगळं परत काढता येतं म्हणून. तसं पुसू नकोस. गेलं म्हणजे गेलं असं पूस."

"काय पुसायचं म्हणतेस?" सासू दारात उभी होती, दुपट्टा सारखा करत.

"फरशी, अम्मी," तहरीम म्हणाली. "सरबत सांडलंय."

परतीच्या बसमध्ये बसण्याआधी अर्शीने स्टँडवरून तौफिकला फोन केला. तो गावातच होता, पण तिला त्याला भेटायचं नव्हतं. ट्रूनॅसमध्ये एखादी गोष्ट पुसली आणि तिची सगळी जुनी चित्रंही काढून टाकली, तर ती गेली का, असं तिने विचारलं. तौफिक म्हणाला, तशी गेली. पण मिटवणं म्हणजे नुसतं नाव खोडणं, खालचा मजकूर जागेवर राहतो, त्या जागेवर दुसरं लिहिलं जाईपर्यंत.

"मग मी त्याच जागेवर दुसरं काही लिहीन."

"तिथे तसं नाही होत, आपा. ती जुन्यावर कधी लिहीतच नाही. नवीन नेहमी बाजूला लिहिते. तीच तर तिची खुबी आहे."

"मग ती नको."

"लोक मला वाचवायला फोन करतात," तौफिक म्हणाला. "तू पहिलीच निघालीस." ती हसली नाही हे लक्षात आल्यावर त्याचा स्वर खाली आला. त्याने समजावलं, आत्ता डिस्कांवर जी पद्धत आहे ती जुनी आणि साधी आहे. तिथे एखाद्या चित्रणावर जागच्या जागी निरर्थक आकडे लिहिता येतात, पुन्हा पुन्हा लिहिता येतात. डिस्कांना हात न लावता फक्त वरची प्रणाली बदल. पण मग सगळं हाताने करावं लागेल. "चौकोन नाहीत बघ त्यात. काय उघडायचं ते तूच ठरवायचं. चुकलीस तर विचारणारं कुणी नाही." बस सुटायला आली होती. अर्शी म्हणाली, "तेच पाहिजे." मग खिडकीशी बसून तिला आठवड्यात वाचलेल्या त्या सगळ्या भांडणांचं नवल वाटलं. इतकी हुशार माणसं, आणि जपण्याचे किती मार्ग त्यांनी शोधून ठेवले होते. पण जपलेलं ज्याचं आहे त्यालाच ते नको झालं तर काय, हे त्यांच्यात कुणी कुणाला विचारलं नव्हतं. तिनेही नव्हतं विचारलं. अमानत म्हणजे सांभाळणं एवढंच तिने धरलं होतं. मागितल्यावर परत करणंही त्यात येतं, आणि परत करणं कधी कधी असंही असतं, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

डेबियन बसवायला तिला दोन दुपारी लागल्या. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि बाकी काही नाही. टीव्हीबद्दल त्याने विचारलं नाही, घरात कोण कोण आहे हे विचारलं नाही. जुनी मेलेली डिस्क तिने उघडली आणि उजैरच्या दुकानातल्या दाभणाने तिच्या तबकडीवर ओरखडे काढले. उजैर दारात पाठ करून उभा होता, पण मदत लागली तर म्हणून थांबला होता. "धातूला इतका जोर नाही लावायचा," एवढंच तो म्हणाला, "हात कापेल."

तिसऱ्या दुपारी तिने तहरीमच्या लग्नाचा आवाज चित्रापासून वेगळा केला. नीट उतरला का हे ऐकून बघणं भाग होतं. हेडफोन लावून, लॅपटॉपचा पडदा खाली करून ती बसली. चित्राशिवाय ते वेगळंच काही होतं. बांगड्या, हसणं, कुणाचं तरी मूल रडतंय, आणि मग ती ढोलकी, एका हाताने वाजणारी. नसीमखाला गाणं अर्ध्यात विसरली आणि तीच ओळ दोनदा म्हणाली. मागून कुणीतरी चिडवलं. आणि मग, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, इतर सगळ्यांपेक्षा मोठा असा एक आवाज आला. तरुण, जरा घाईतला. तो आपला आहे हे कळायला अर्शीला क्षणभर लागलं. "खाला, दुपट्टा किती ओढता? चेहरा दिसू द्या. माझ्याशिवाय हे कुणी बघणार नाही." त्यावर ढोलकी थांबली. नसीमखालाला धाप लागली होती. "तू आहेस ना," ती म्हणाली, "मग झालं." आणि ढोलकी पुन्हा सुरू झाली, पहिल्यापेक्षा मोकळी.

तेवढा तुकडा काढून टाकणं काहीच अवघड नव्हतं. असे तुकडे तिने हजारदा काढले होते. शिंका, पुरुषांच्या बाजूने आलेल्या हाका, स्वतःच्या सूचना. कसबी हात, जोड कळूसुद्धा द्यायचा नाही. तिने दोन्ही टोकांना खुणा केल्या. त्या दोन खुणांच्या मध्ये तिचं वाक्य आणि नसीमखालाचं उत्तर, दोन्ही होतं. एक काढलं तर दुसरं अर्थहीन झालं असतं, आणि तहरीमने अम्मी ठेव म्हटलं होतं. अर्शीने खुणा काढल्या. आवाजाच्या त्या फाइलला तिने फक्त ढोलकी असं नाव दिलं. मग काळ्या पडद्यावर चित्रणाचं नाव पूर्ण लिहिलं, त्याच्या आधी पुसण्याची आज्ञा लिहिली, एकेक अक्षर तपासलं. आधीची प्रणाली अशा वेळी विचारायची, नक्की ना? ही थांबलीच नाही. कळ दाबताच डिस्का एका लयीत घरघरू लागल्या आणि नसीमखाला जिथे होती तिथे, आधी एका डिस्कवर आणि लगोलग दुसरीवर, आकडे लिहिले जाऊ लागले.

ते बराच वेळ चालणार होतं. वर सुगंधाबाईंची मालिका सुरू झाली. अर्शीने यादीतलं पुढचं नाव बघितलं; शिरपूरची मुलगी, दोन वर्षांपूर्वी लग्न करून दिलेली, खूप हसायची. तिने नंबर लावला. घंटी वाजत राहिली, उचलणार नाही असं वाटेपर्यंत वाजली, आणि अर्शीला आपण तशी आशा करतोय हे कळलं. मग पलीकडून आनंदाने भरलेला आवाज आला.

"अर्शीबाजी? किती दिवसांनी. सगळं बरंय ना?"